वामन कोठे गया?

गायनाचा कार्यक्रम असला की आप्पा खुर्चीवर बसत नाहीत. ते स्टेजच्या कोपऱ्यावर, ढोलकीवाल्याच्या अगदी अंगाशी टेकतात. तिथून त्यांना गायकाचं तोंड दिसत नाही. पण गायकाला आप्पांचं तोंड दिसतं, आणि तेवढ्यासाठीच ती जागा धरलेली असते. गायक नवखा असला तर दोन कडवी म्हणून थांबतो, लोक टाळ्यांसाठी हात उचलतात आणि पहिली टाळी पडायच्या आत आप्पांचा सवाल येतो, “वामन कोठे गया रे?”

वामन म्हणजे लोककवी वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे त्यांचं गाव. गाणी त्यांनी हजारोंनी लिहिली, गावोगाव फिरून स्वतःच गायली आणि बऱ्याच गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफलं. आता गायकाला पुढचं गाणं घ्यायचं असतं, आयोजकाला सत्कार उरकायचे असतात आणि दहा वाजले की पोलीस येऊन उभे राहतात. कात्री लागते ती शेवटच्या कडव्याला. गाणं लोकांच्या तोंडी राहतं, धनी तेवढा गळून पडतो. या गळतीवर पहारा ठेवण्यात आप्पांची हयात गेली.

धुळे-जळगावकडे असे आप्पा गल्लोगल्ली सापडतात. कुणी एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, कुणी भुसावळच्या रेल्वेतला फिटर, कुणी गिरणी बंद पडल्यावर भाजीची गाडी लावलेला. ओळखायची खूण म्हणजे काखेतली वही. लाल पुठ्ठ्याची, वाण्याच्या खतावणीसारखी लांबट. दादांची गाणी तीत आप्पांच्या अक्षरात, तारीखवार. वही घरी न्यायला मिळत नाही. फोटोही काढू देत नाहीत. “आठेच बठ नि लिखी ले.” मग आपण बसून लिहायचं आणि आप्पांनी शेजारून आपले ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे. मी एकदा वैतागून म्हणालो, “आप्पा, गाण्यात कोण बघतं वेलांटी?” आप्पांनी चष्मा काढला. दादा मुंबईच्या कामगार वस्तीत राहायचे तेव्हा चांगले कर्ते झाले होते तरी त्यांना अक्षरओळख नव्हती. मोठेपणी शिकले, दुकानांवरच्या पाट्या वाचत जोडाक्षरं पक्की केली. एवढं सांगून आप्पा म्हणाले, “त्या माणूसनी पाट्या वाचीसन वेलांटी शिकी. आनि तू कालेजात जाईसन मालेच इचारस?” मी मुकाट्यानं वेलांटी दीर्घ केली.

पंधरा ऑगस्टला सकाळी आप्पा इस्त्रीचे पांढरे कपडे घालून निघतात. लोकांना वाटतं, झेंडावंदनाला चाललेत. जातातही, पण त्यांच्या हिशेबानं ते निमित्त दुसऱ्या नंबरचं. दादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. म्हणजे ज्या दिवशी देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी दादांना पंचवीस वर्षं पुरी झाली. हे गणित आप्पा शाळेच्या मुख्याध्यापकांना दरवर्षी सांगतात, आणि मुख्याध्यापक दरवर्षी पहिल्यांदा ऐकल्यासारखं “अरे वा!” म्हणतात. बदलून आलेले नवे मुख्याध्यापक एकदा भाषणात “आंबेडकरी जलशाचे शाहीर कर्डक” असं बोलून गेले. भीमराव कर्डक निराळे, जलसा त्यांचा, वामनदादा निराळे. हा फरक आप्पांनी त्यांना पोरांचं लाडू वाटप थांबवून समजावला. पोरं अजून आप्पांकडे रागानं बघतात.

घरात कपाट एकच, आणि त्यात कॅसेटी. टेप बंद पडून जमाना झाला, रिबिनींना बुरशी आली, तरी कपाट रिकामं होत नाही. “मना बापनी कपाट दिधं, त्यामा यास्न्या कॅसेटी,” असं काकू चहा ठेवता ठेवता आलेल्या प्रत्येकाला ऐकवतात. आप्पांचं दुखणं वेगळंच आहे. कॅसेटीवर फोटो गाणाऱ्याचा. गाणं ज्यानं लिहिलं त्याचं नाव मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरात, तेही छापलं असेल तर. प्रल्हाद शिंद्यांच्या आवाजावर आप्पांचा जीव, तरी हा राग जात नाही. १५ मे २००४ ला दादा गेले आणि पुढच्याच महिन्यात प्रल्हाद शिंदेही गेले. त्या उन्हाळ्याचा विषय निघाला की आप्पा राग-लोभ सगळं विसरतात आणि काकूंना आणखी एक चहा टाकायला सांगतात.

दादा कुणाकडे उतरले, हा तर भलताच नाजूक मामला. खानदेशातल्या प्रत्येक आप्पाच्या घरी ते मुक्कामाला होते. कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन त्यांनी तिथंच, त्याच बाजेवर गाणं लिहिलं. बाज अजून आहे. दोर बदललाय, एवढंच. या सगळ्या मुक्कामांची बेरीज केली तर दादा नाशिक जिल्ह्यात परत कधी गेले असतील, हा प्रश्नच आहे. पण माणूस खरोखरच पायाला भिंगरी बांधून फिरला, त्यामुळे कुठली बाज खोटी हे सांगायची माझी तरी छाती नाही.

आप्पांचे एक जानी दुश्मन आहेत, भुसावळचे नाना. दोघं दरवर्षी ३१ जुलैला लळिंगला भेटतात. १९३७ साली एका खटल्याच्या कामानं बाबासाहेब धुळ्याला आले तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यावर उतरले होते. त्या आठवणीची यात्रा तिथं भरते. आग्रा रोडवर गाड्यांची रांग, वर पाऊस, खाली चिखल, आणि जागोजाग पेटी-ढोलकी घेऊन बसलेल्या गायन पार्ट्या. त्या गर्दीत हे दोघं एका छत्रीखाली भांडत असतात. छत्री नानांची. “काय भो, दादांचे शिष्य कुठले? प्रतापसिंग बोदडे कुठले? आमच्या एदलाबादचे!” एदलाबादचं मुक्ताईनगर झालं तरी नाना जुनंच नाव घेतात. त्यावर आप्पा हात लांब करून नुसता बंगला दाखवतात. बाबासाहेबच धुळे जिल्ह्यात उतरले, आता शिष्याचं काय घेऊन बसलात! नाना चिडून छत्री स्वतःकडे ओढतात. आप्पा भिजतात, पण हटत नाहीत. तेवढ्यात शेजारच्या पार्टीनं गाणं अर्ध्यावर सोडलं की दोघं भांडण जागच्या जागी टाकून एका आवाजात ओरडतात, “वामन कोठे गया रे?” तिथं मात्र धुळे-जळगाव एक.

डीजे आल्यापासून आप्पांचे हाल आहेत. गाण्याचं एकच धृपद घेऊन भिंती हादरतात, कडव्यांचा पत्ताच नसतो. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आप्पा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चढून डीजेवाल्या पोराच्या कानात काहीतरी ओरडत होते. पोरानं आदबीनं त्यांना खाली उतरवलं आणि पाण्याची बाटली दिली. त्याला वाटलं, आजोबांना चक्कर येतेय.

हल्ली आप्पांचा आणखी एक घोटाळा झालाय. मनापासून आवडलेलं गाणं दुसऱ्या कुणाचं असू शकतं, हे त्यांना पटेनासं झालंय. परवा गल्लीतल्या एका कॉलेजच्या पोरानं स्वतःचं गाणं म्हणून दाखवलं. विषय बेकारीचा, चाल झकास. आप्पा मांडीवर ठेका धरून डोळे मिटून ऐकत होते. गाणं संपलं तसं वही उघडत म्हणाले, “हाई दादानं शे.”

“आप्पा, रातीच लिखं मी. मोबाईलवर शे, दाखाडू का?”

आप्पांनी मोबाईलकडे पाहिलंही नाही. पेनाचं टोपण काढलं, पान दुमडलं आणि तारीख घातली.

“तू लिखं व्हई,” ते म्हणाले, “पन शे दादानंच. चाल, शेवटनं कडवं परत म्हन. सावकाश.”