सही कोण करणार?

महागाव तालुक्यात घरचा कर्ता माणूस गेला की तेरावं उरकल्यावर पहिली फेरी तलाठ्याकडे होते. वारसांची नोंद, फेरफार, सातबारा. तीन भावांपैकी मधला बौद्धिक दिव्यांग असला तरी त्याचंही नाव चढतं, कारण अपंगत्वामुळे वारसाहक्क जात नाही. नाव चढतं आणि सगळं तिथंच अडतं. पीककर्जाच्या कागदावर त्याच्या वतीनं सही कोण करणार? आई पुढे होते. "मी त्याची माय हाये ना जी." पण पोरगा चोवीस वर्षांचा आहे. ज्या दिवशी त्याला अठरा पूर्ण झाली, त्याच दिवशी कायद्यानं तिचं पालकत्व संपलं. सहा वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नाही.

मला राग येतो तो या न सांगण्याचा.

सांगण्यासारखं पुष्कळ आहे. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ सालचा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी त्यात प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समितीची तरतूद आहे. समितीवर जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. अठरा वर्षांनंतर पालक नेमण्याचा अधिकार या समितीला आहे. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. म्हणजे मधल्या भावाच्या वाट्याचं दोन एकर वावर चुलत्यानं परस्पर खाऊ नये, याचीही सोय कायद्यात आहे. याच न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा उपचारखर्च देते.

आता शाळेकडे वळू. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्यातल्या एका कलमानं दिला. फिरते विशेष शिक्षक गावोगाव जातात, काहींना घरी जाऊन शिकवतात. त्यांच्या कष्टांबद्दल माझी तक्रार नाही. पण अठरा झाली की पुढे काय, हे शाळेनं लिहून ठेवावं, असं बंधन त्या कलमात नाही. अमेरिकेतल्या विशेष शिक्षणाच्या कायद्यानुसार सोळाव्या वर्षापर्यंत मुलाच्या शैक्षणिक आराखड्यात हे लिहावंच लागतं: शाळेनंतर काम कोणतं, गरज असेल तर स्वतंत्र राहणं कसं, त्यासाठी आज काय शिकवायचं. कायद्याची वाट न बघता आपल्याकडे एक साधा कागद तरी करता येईल.

तो चौदाव्या वर्षी करावा. महागावातल्या मुलाच्या कागदावर महागावच असलं पाहिजे. आठवडी बाजारात शंभराची नोट देऊन उरलेले पैसे मोजून घेणं. फुलसावंगीहून एसटीनं एकट्यानं येणं आणि परत योग्य गाडीत बसणं. शेळ्या चारून मोजून आणणं. कापूस वेचणं, सोयाबीनची पोती भरणं, किराणा दुकानात पुड्या बांधणं. ही कामं तालुक्यात आहेत आणि यातली कितीतरी ही मुलं करू शकतात, फक्त एकेक पायरी शंभरदा करून घ्यावी लागते. त्याला वेळ लागतो. म्हणून चौदा म्हणतो. मुलींच्या बाबतीत आणखी एक ओळ हवी: पाळीची स्वच्छता, आणि कुणी अंगाला हात लावला तर ओरडायचं. घरात या विषयावर बोलायला लाजतात. लाजून चालणार नाही.

आणि मुलाला विचारायचं. त्याला काय आवडतं, कुणासोबत राहायला आवडतं. बोलता येत नसेल तर कशाजवळ रमतो ते बघायचं. आपण त्याच्या आयुष्याचा बेत आखतो आणि त्यालाच खोलीबाहेर बसवतो.

अठरा या आकड्याशी आपल्याच अमरावती विभागात एक माणूस आयुष्यभर भांडला आहे. परतवाड्याजवळच्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर. बेवारस दिव्यांग मुलांना अठरा झाली की बालगृह सोडावं लागतं. ती जाणार कुठे, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी मुलांना सोडलं नाही. सव्वाशेच्या आसपास मुलांना स्वतःचं आडनाव दिलं, त्यांच्या हातून हजारो झाडं लावून घेतली, आणि अठरा वर्षांवरच्या अशा मुलांच्या आजीवन पुनर्वसनाचा कायदा करा म्हणून सरकारचे उंबरे झिजवले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी त्यांची दृष्टिहीन मानसकन्या माला पापळकर एमपीएससी उत्तीर्ण झाली. सन्मान झाला, त्याचा आनंदच आहे. पण ते मागत होते कायदा.

वझ्झरची मुलं बेवारस होती. महागावच्या मुलांना आईबाप आहेत, आणि "आमच्या मागं याचं कोण?" या काळजीनं त्यांची झोप उडालेली आहे. त्यांचं निम्मं ओझं एका कागदानं हलकं होईल.

म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे एक मागणी. स्थानिक स्तर समितीनं निदान तीन महिन्यांतून एकदा बसावं, असं कायदा सांगतो. म्हणजे वर्षातून चार बैठका. त्यातली एक महागावच्या तहसीलमध्ये घ्या. पोराला धरून, मजुरी बुडवून, आर्णी ओलांडून यवतमाळ गाठणं विधवा आईला किती जड जातं, ते तिलाच ठाऊक.

ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखीव असतात. येत्या ग्रामसभेत उभं राहून विचारा, गेल्या वर्षी ते कशावर खर्च झाले.

आणि ज्यांच्या घरी सतरा वर्षांचं असं लेकरू आहे, त्यांनी दिव्यांग प्रमाणपत्र, आधार, जन्माचा दाखला आणि सातबारा आजच एका पिशवीत घालून ठेवा. अठरा पूर्ण झाली की त्याच आठवड्यात पालकत्वाचा अर्ज द्या.