तुम्ही कुठून बोलताय?

निवृत्त झाल्यापासून मला ‘सर’ म्हणतं ते फक्त कस्टमर केअर. माझे विद्यार्थी आता शहापूर-आसनगाव रिक्षा चालवतात आणि मलाच ‘मास्तर, जरा सरकून बसा’ म्हणतात. कस्टमर केअरची मुलगी मात्र एका वाक्यात दोनदा सर म्हणते, वर तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असंही ऐकवते. एवढं महत्त्व मला घरात कुणी दिलेलं नाही. म्हणून इंटरनेट बंद पडलं की बायको चिडते आणि मी दाढी करून फोनला बसतो.

तक्रार इंग्रजीतच. हयातभर ती भाषा शिकवली, बोलायला कुणी मिळालं नाही. ‘आय शुड बी ग्रेटली ऑब्लाइज्ड’पासून मी सुरुवात करतो. मुलगी शांतपणे विचारते, “सर, राउटर बंद करके चालू किया?”

मग पत्ता. शहापूर म्हटलं की ‘कर्नाटक, सर?’ हे ठरलेलं. यादगीर जिल्ह्यात एक शहापूर आहे, बेळगावात एक आहे. माझं त्यांच्याशी वैर नाही. पण मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी आमच्या भातसा धरणाचं. तानसा तलाव तर 1892 पासून मुंबईकरांना पाजतोय. अशा तालुक्याने 421601 एवढ्या पिनकोडवर ओळख द्यायची? त्यात ती म्हणाली, “जवळची काही खूण, सर?” मी माहुली किल्ला सांगितला. सांगून थांबलो असतो तर मी मास्तर कसला! 1636 साली मोगल आणि आदिलशाही फौजांनी शहाजीराजांना याच किल्ल्यात कसं वेढलं, निजामशाही कशी बुडाली, सगळं सांगितलं. ती टाइप करत होती. दुसऱ्या दिवशी भर उन्हात दुरुस्तीवाल्याचा किल्ल्याच्या पायथ्यावरून फोन: “सर, तुमचं गेट कुठेय?”

त्यानंतर मी हटकून विचारू लागलो, “तुम्ही कुठून बोलताय?” नोएडा म्हटलं की माझ्या तक्रारीला धार चढते. नोएडात बसून शहापूरचं काय कळणार!

2003 च्या नोव्हेंबरात डेल कंपनीने आपल्या बड्या गिऱ्हाइकांचे काही फोन बंगळूरहून परत अमेरिकेत नेले, तेव्हा शाळेच्या स्टाफरूममध्ये मी टेबल आपटून भाषण केलं होतं. आमच्या पोरांच्या उच्चारांना नावं ठेवता काय! तिकडच्या गिऱ्हाइकाला फोनवर आपल्या देशातला माणूस हवा होता. मला शहापूरचा हवाय, जमल्यास आमच्याच आळीतला.

मुरबाडचा माझा भाचा ऐरोलीत रात्रपाळीला अमेरिकेचे फोन घेतो. मार्चात तिकडची घड्याळं तासभर पुढे गेली की त्याची पाळी तासभर आधी सुरू होते आणि माझी बहीण तव्यावर भाकरी तासभर आधी टाकते. सकाळी कंपनीची गाडी कल्याणला सोडते, पुढे एसटी. मुरबाडला रेल्वे अजून आलेली नाही.

“शिव्या घातल्या तरी फोन आपण ठेवायचा नाही, मामा,” तो जेवता जेवता सांगतो. ‘तू कुठून बोलतोस?’ आलं की पुढे काय येणार ते त्याला कळतं. म्यूट दाबून पाणी पितो आणि सॉरी म्हणतो. गिऱ्हाइकाला दंड लावलेला असतो भलत्यानेच, आणि त्या भलत्याचा नंबर गिऱ्हाइकाकडे नाही, भाच्याकडेही नाही. बावीस-तेवीसचं पोर. रात्रभर दुसऱ्याच्या वतीने माफी मागून येतं आणि आईला म्हणतं, ठीक होतं सगळं.

विषय बदलावा म्हणून मी विचारलं, माझ्यासारखं गिऱ्हाईक कसं वाटतं?

“चांगलं, मामा. शिव्या देत नाही. फक्त इंग्रजी बोलत बसतं. कॉल लांबला की टीएल, म्हणजे टीम लीडर, आम्हाला झापतो.”

फोन संपल्यावर पाचपैकी गुण मागतात ना, भाच्याच्या कंपनीत तरी ते कंपनीच्या खात्यावर जात नाहीत, फोन घेणाऱ्या पोराच्या नावावर चढतात. तेव्हा इंटरनेट बंद असलं तरी पाच दाबा. शिव्याच द्यायच्या असतील तर कंपनीच्या मालकाला पत्राने कळवा. शहापूरचं पोस्ट चालू आहे.