अण्णा, बिल निघंना!

सोलापुरात चादरीचा कारखाना काढायचा तर माग लागतात, सूत लागतं, जीएसटी नंबर लागतो आणि एक अण्णा लागतो. पहिल्या तिन्हींसाठी बँक आहे, बाजार आहे, सरकार आहे. अण्णा मात्र ज्याचा त्यानं शोधावा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतली कुठलीही कचेरी घ्या. सिद्धरामेश्वरांच्या फोटोखाली, प्लगच्या वर, भिंतीवर पेनानं मोबाइल नंबर लिहिलेला असतो आणि पुढं एवढंच: ‘अण्णा, कॉम्प्युटर’.

वय पन्नाशीपुढं. घरात तेलुगू, मालकांशी मराठी, अक्कलकोटच्या पार्टीशी कन्नड आणि कॉम्प्युटरशी तिन्ही भाषांतल्या शिव्या. व्हिज्युअल बेसिक ६ हे १९९८ साली आलं. त्यानंतर जगात नवं काही निघालंच नाही, असं अण्णाचं मत. त्यात त्यानं चादरवाल्यासाठी बिलाचा प्रोग्रॅम लिहिला आणि तोच पुढं टॉवेलवाल्यापासून शेंगाचटणीवाल्यापर्यंत सगळ्यांना दिला. चटणीवाल्याच्या बिलावर अजून ‘डिझाइन नंबर’चा रकाना येतो. तो बिचारा तिथं ‘तिखट’ असं भरतो.

प्रोग्रॅम एकीकडं, हिशेबाचा डेटाबेस दुसरीकडं आणि मधे ओडीबीसी. मायक्रोसॉफ्टनं १९९२ मध्ये ही सोय काढली ती कुठल्याही प्रोग्रॅमला कुठल्याही डेटाबेसशी एकाच रीतीनं बोलता यावं म्हणून. ज्याच्याशी बोलायचं त्याचा ड्रायव्हर तेवढा मधे बसवायचा. फायदा असा झाला की बिल अडलं की प्रोग्रॅमवाला डेटाबेसकडं बोट दाखवतो आणि डेटाबेसवाला प्रोग्रॅमकडं. त्या दोन बोटांच्या मधे अण्णाचा संसार चालतो. मागावर धागा तुटला की जॉबरला हाक, बिल अडकलं की अण्णाला.

‘बग’ हा शब्द तो तोंडातून काढत नाही. “त्याचा स्वभाव आहे तो,” म्हणतो. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ओडीबीसीची मांडणी करायचे दोन प्रोग्रॅम असतात. ६४ बिटांचा असतो ‘सिस्टीम ३२’ नावाच्या फोल्डरात आणि ३२ बिटांचा ‘सिसवॉव ६४’ नावाच्या. वर दोन्ही फाइलींचं नाव एकच, आणि त्या नावातही ३२. कॉलेजातून नुकतं बाहेर पडलेलं पोरगं इथं रडकुंडीला येतं. अण्णा त्याच्या पाठीवर थाप मारतो : “नव्या पेठेत जाऊन बघ बे, काय नवीन दिसतंय का!”

एका मालकांना गिऱ्हाइकांची नावं मराठीत टाकायची हौस आली. अण्णाचा प्रोग्रॅम युनिकोडच्या आधीच्या वळणाचा. त्या जुन्या पद्धतीत विंडोजनं देवनागरीला जागाच ठेवलेली नव्हती. अक्षर ओळखीचं नसलं की त्याच्या जागी प्रश्नचिन्ह. उधारीची यादी छापली तर पानभर नुसती प्रश्नचिन्हं! मालक ओरडले, “अण्णा, माझी सगळी उधारी कुणाकडं गेली?” अण्णा शांत. “मालक, वसूल होईस्तोवर ती अशीच धरायची असते.”

पण अण्णाचा खरा दिग्विजय नोव्हेंबर २०२२ मधला. ८ तारखेला चंद्रग्रहण होतं. ग्रहण सुटलं, लोकांनी आंघोळी उरकल्या, आणि रात्री उशिरा विंडोजचं महिन्याचं अपडेट उतरलं. त्यानंतर एसक्यूएल सर्व्हरशी जोडणारा विंडोजमधला जुना ओडीबीसी ड्रायव्हर, ज्याच्यावर अण्णाची निम्मी गिऱ्हाइकं जगतात, तो डेटाबेसशी बोलेनासा झाला. हे दुखणं जगभरचं होतं, पण कारखान्यात ज्याला त्याला वाटलं की आपल्यावरच आलंय. पडद्यावर अक्षरं उमटली : ‘प्रोटोकॉल एरर इन टीडीएस स्ट्रीम’. इथला टीडीएस म्हणजे डेटाबेसची माहिती पाठवायची एक पद्धत. दिवाणजींनी मात्र आयुष्यभर एकच टीडीएस ओळखलेला. त्यांनी थेट सीएला फोन लावला. तोही दचकून म्हणाला, “मागच्या तिमाहीचा भरलाय की हो आपण!”

अण्णा आला. आधी चहा घेतला. मग नेहमीचा सवाल, “काल कुणी हात लावला?”

“कुणी नाही.”

“ग्रहण होतं की काल,” मालक म्हणाले.

अण्णानं गंभीरपणे मान हलवली. मालकानं स्वतः शोधलेलं कारण तो कधी खोडत नाही; असं केलं की पैसे लवकर मिळतात. मग त्यानं ते अपडेट काढून टाकलं, बिल निघालं, आणि उठताना त्या कॉम्प्युटरची सगळीच अपडेटं कायमची बंद करून ठेवली. पुढच्या काही दिवसांत सगळ्या गिऱ्हाइकांकडं हाच विधी झाला. सुरक्षेच्या दृष्टीनं हे किती धोक्याचं आहे ते अण्णाला नीट माहीत आहे. पण बिल अडलं की फोन येतो, आणि सुरक्षेसाठी आजवर एकाही मालकाचा फोन आलेला नाही.

मायक्रोसॉफ्टनं दोष मान्य केला आणि १० जानेवारी २०२३ च्या अपडेटात त्याची दुरुस्तीही दिली. सोलापुरात तेव्हा गड्ड्याचे दिवस. हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा जत्रेसाठी आला होता. तोही बापाला अण्णाच म्हणतो.

“अण्णा, त्या ड्रायव्हरची दुरुस्ती आलीय. सगळीकडं टाकून घ्या.”

“येईल कशी बे? दारच बंद केलंय मी.”

“मग उघडा की!”

“अन् उघडल्यावर ती एकटीच येईल होय?”