ताणभाऊ

मी पाइप हातात घेतला रे घेतला, की कुंपणापलीकडून आवाज येतोच. "कायले पाणी देऊन रायले जी? ताण द्या! मंग पाहा बहार!"

हे गृहस्थ तुमच्याही शेजारी असतीलच. आमचे नागपूरचे ताणभाऊ काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत वाढलेले. मृग बहारासाठी भर उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडतात, हे त्यांनी लहानपणी पाहिलं आणि तिथेच शिक्षण संपवलं.

बोगनवेलीच्या बाबतीत ते बरोबर होते, हे कबूल करताना जीवावर येतं. शेणखत आणि दोन वेळचं पाणी घालून मी तीन वर्षं नुसता पाला पोसला. शेवटी त्यांनी पंधरा दिवस माझा पाइपच जप्त केला. वेल माना टाकून बसली. मग जरा पाणी दाखवलं, तर महिन्याभरात कुंपण गुलाबी! मी "काय फुललीय!" म्हणालो, तर लगेच, "गुलाबी ते फूल नाही जी, पान आहे. फूल मधातलं, पांढरं, एवढुसं." धड आनंदही करू द्यायचा नाही.

त्यांच्या घरी गेलं तर तासभर चहा नाही. ताण! भाचीचं लग्न जमेना. ताण पडून रायला, मंग पाहा बहार! तीन दिवस नळ आला नाही, सगळी कॉलनी बादल्या घेऊन चिडलेली; हे एकटेच प्रसन्न.

मे महिन्यात पारा ४५ वर असताना आम्हाला आठ दिवस गावी जावं लागलं. जुईला पाणी घालायला यांना सांगणं म्हणजे मांजराला दूध राखायला सांगणं. परत आलो ते जुईचं सुतक धरूनच. पाहतो तर जुई हिरवीगार, कळ्यांनी भरलेली. बुडाशी पालापाचोळा अंथरलेला, पश्चिमेला ओलं पोतं टांगलेलं आणि कुंपणावरून त्यांचा पाइप आमच्या आळ्यात सोडलेला.

"भाऊ, आणि ताण?"

"जुईले नाही सोसत जी," ते पोतं भिजवत म्हणाले. "सगळ्याइले नाही सोसत."

विषय बदलावा म्हणून मी अमेरिकेतल्या मुलाची चौकशी केली. फोन येतो ना?

"दोन महिने झाले. ताण देऊन रायला पोरगा."

आणि हसले. बहाराचं मात्र काही बोलले नाहीत.