एका पायावर तयार

मिनीआपोलिसमध्ये नोव्हेंबर लागला की आपला एक माणूस एका पायावर उभा राहायला लागतो. दात डाव्या पायावर घासायचे, चूळ उजव्या पायावर भरायची. पेट्रोल पंपावर टाकी भरेपर्यंत, कॉफीच्या मशीनपुढे, मीटिंगमध्ये मागच्या भिंतीजवळ, सगळीकडे एकच पाय जमिनीवर. तिथल्या वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांत मराठी इंजिनिअर बरेच आहेत. त्यांच्यापैकी ज्याची खुर्ची याच्या शेजारी येते, त्याला पहिल्या हिवाळ्यात वाटतं की साहेब कसलातरी नवस फेडताहेत. नवस वगैरे काही नसतो. फेब्रुवारीत बर्की असते.

बर्की म्हणजे अमेरिकन बिर्केबाइनर. टोनी वाइज नावाच्या उद्योजकाने १९७३ साली विस्कॉन्सिनमध्ये सुरू केलेली स्कीची शर्यत. स्केट पद्धतीने जाणाऱ्यांना केबल गावापासून हेवर्डपर्यंत ५० किलोमीटर चढउतार पार करावे लागतात. आपला माणूस त्यात दरवर्षी असतो. पन्नाशी उलटलेली, पोटऱ्या सडपातळ, मतं भरदार. आजोबा नॉर्वेचे होते, हे तो ओळख झाल्यापासून पाच मिनिटांत सांगतो.

दहाव्या मिनिटाला इतिहास सुरू होतो. पूर्वी बर्फात दोन समांतर चऱ्या पाडत आणि त्यांतूनच स्की सरकवत जात. सत्तरच्या दशकात फिनलंडच्या पाउली सिटोनेनने एक स्की चरीत ठेवून दुसरीने बाजूला रेटा द्यायचं तंत्र लांब पल्ल्याच्या शर्यतींत गाजवलं. अमेरिकेच्या बिल कोकने ते उचललं आणि १९८२ चा वर्ल्ड कप जिंकला. मग लोकांनी चरी सोडूनच दिली आणि बर्फावरच्या स्केटरसारखे डावी-उजवीकडे रेटे देत निघाले. जुन्या वळणाच्या मंडळींनी आरडाओरडा केला, बंदीच्या गोष्टी झाल्या, आणि शेवटी १९८७ च्या ओबर्स्टडॉर्फच्या जागतिक स्पर्धेत दोन्ही पद्धतींच्या शर्यती वेगळ्या झाल्या. इथवर त्याचं सगळं बरोबर असतं.

चुकतं ते पुढच्या वाक्यात. स्केटमध्ये दर पावलाला सगळं वजन एकाच स्कीवर येतं; स्की जेमतेम साडेचार सेंटिमीटर रुंद; म्हणून एका पायावर उभं राहता आलं की स्केट आलं!

या सिद्धांताची प्रयोगशाळा त्याच्या बेसमेंटमध्ये आहे. तिथे डगमगती लाकडी फळी आहे, खालून गोल आणि वर पाय ठेवायला सपाट. डेव्हिड वेकने १९९९ साली काढलेला बोसू आहे, म्हणजे एका बाजूने सपाट असलेला हवेचा अर्धा चेंडू. दोन खांबांमध्ये ताणलेला पट्टा आहे. त्यावरून चालताना त्याने एकदा वॉशिंग मशीनचं झाकण वाकवलं. बायको कपड्यांची टोपली घेऊन खाली येते तेव्हा तो डोळे मिटून बोसूवर उभा असतो आणि हाताने ‘थांब’ अशी खूण करतो. ती थांबत नाही. तिच्या मते तोल जायचाच असेल तर कपडे वाळत घालण्याआधी जावा.

प्रत्यक्ष बर्फावर त्याला पाहायचं तर शहराच्या कडेच्या थिओडोर वर्थ पार्कात जावं. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, दिवे लागतात, आणि दिव्यांखाली तो येतो. एक रेटा देतो, डाव्या स्कीवर चढतो आणि तिथे मुक्काम करतो. उजवा पाय हवेत, नजर दूर, चेहऱ्यावर बगळ्याची एकाग्रता. दृश्य देखणं असतं, फक्त वेग कमी कमी होत जातो. उणे १८ अंशांच्या कोरड्या बर्फात तर स्की तशीही नीट सरकत नाही, त्यामुळे दुसरा पाय टेकेपर्यंत तो जवळजवळ थांबलेला असतो. मग पुन्हा शून्यातून रेटा. तेवढ्यात शाळेच्या संघातली बारा वर्षांची एक पोर त्याच्या बाजूने सुसाट निघून जाते. प्रत्येक पावलाला ती पडेल असं वाटतं आणि पडायच्या आत दुसरी स्की तिच्याखाली आलेली असते.

“बॅलन्स नाही पोरीला,” तो म्हणतो.

आता त्या पोरीची बाजू घ्यायलाच हवी. स्केटमध्ये शरीर एका स्कीवर स्थिर करायचंच नसतं. सपाट स्कीवर सरकायचं, मग ती आतल्या कडेवर कलवत रेटा द्यायचा, आणि त्या रेट्याबरोबर वजन दुसऱ्या बाजूला पडू द्यायचं. तोल इथे दर पावलाला मोडतो आणि पुढच्या पावलावर सापडतो. जो तो मोडू देत नाही त्याचा रेटा उशिरा येतो, कारण पायावरून हलायचंच नाही अशी सवय त्याने महिनाभर बेसमेंटमध्ये मुरवलेली असते. दुसरी अडचण बुटाची. स्केटचा बूट घोट्याभोवती कडक पट्ट्याने आवळलेला असतो. घोटा बाजूला फारसा वळूच नये अशीच त्याची रचना असते. डगमगत्या फळीवर अनवाणी माणूस सगळी दुरुस्ती करतो ती नेमकी घोट्याने. शिवाय बोसू मऊ असतो आणि जागचा हलत नाही. स्की टणक असते आणि पळत असते. तालीम एका गोष्टीची, परीक्षा भलत्याच गोष्टीची.

हे नुसतं पार्कातल्या बाकावरचं मत नाही. जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठाच्या संशोधकांनी तोलाचे व्यायाम तपासले तेव्हा असं दिसलं की निरोगी माणूस ज्या साधनावर सराव करतो त्या साधनावर तरबेज होतो, पण दुसऱ्या साधनावर त्याचा फारसा फायदा होत नाही. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठातल्या डेव्हिड बेम यांनी दाखवलं की डळमळत्या पृष्ठभागावर स्नायूंचा जोर बराच घटतो. म्हणजे बोसूवर उठाबशा काढणाऱ्याचे पाय थरथरतात खूप आणि रेटतात कमी. आपल्या माणसाने हे सगळं वाचलेलं आहे. त्याच्याकडे फाइल आहे. पण त्या फाइलमध्ये त्याने अधोरेखित केलेले कागद घोटा मुरगळण्याबद्दलचे: अशा व्यायामांनी घोटा मुरगळण्याचं प्रमाण कमी होतं. ते खरंच आहे, आणि ज्याला जमिनीवरसुद्धा एका पायावर चार सेकंद उभं राहता येत नाही अशा नवशिक्याला सुरुवातीला त्यांचा उपयोगही होतो. पण हा नवशिका कुठे आहे? चार सेकंदांचा टप्पा त्याने कधीच मागे टाकला. तो आता डोळे मिटून मिनिटं मोजतो.

२०२४ चा हिवाळा त्याच्या सिद्धांताला फार वाईट गेला. बर्फ इतका कमी पडला की बर्की कृत्रिम बर्फाच्या १० किलोमीटरच्या फेऱ्यांवर उरकावी लागली. साहजिकच बेसमेंटमधला सराव विक्रमी झाला. त्याच फेब्रुवारीत वर्ल्ड कप चक्क वर्थ पार्कात आला. गर्दीत कितीतरी तास आधी जाऊन त्याने कठड्याजवळची जागा धरली आणि मिनेसोटाच्याच जेसी डिगिन्सचा व्हिडिओ काढला. त्या १० किलोमीटरच्या शर्यतीत ती तिसरी आली. घरी येऊन त्याने तो मुलाला दाखवला, एका स्कीवरचा आदर्श तोल कसा असतो ते कळावं म्हणून. मुलाने व्हिडिओ संथ केला. मग आणखी संथ केला.

“बाबा, यात उभं कोण राहिलंय?”

त्यावर तो म्हणाला की फोनचा कॅमेरा जुना आहे.

बर्फावर करायचे तोलाचे व्यायाम असतात, आणि ते खरंच कामाचे असतात. सगळ्यात जुना आणि सगळ्यात नावडता म्हणजे काठ्या टाकून जाणं. हातात काठ्या असल्या की वजन अर्धवट सरकवूनही निभावतं, कारण उरलेलं काम दंड करतात. काठ्या गेल्या की पळवाट बंद: वजन पूर्ण दुसऱ्या स्कीवर गेलं नाही तर माणूस पुढेच जात नाही. दुसरा प्रकार, एकच स्की बांधून मोकळ्या पायाने बर्फ ढकलत जाणं. दोन्हींत पायाखालची वस्तू पळत असते आणि घाई असते, म्हणून शिकलेलं शर्यतीत उतरतं. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर चाकांच्या स्की हेच काम करतात, फक्त पडल्यावर सोलवटून निघतं. आपल्या माणसाची तक्रार अशी की काठ्यांशिवाय त्याला आजीबाईसुद्धा मागे टाकतात. टाकतातच. मिनेसोटातल्या आजीबायांना कमी समजू नये.

यंदा त्याने ज्येष्ठांच्या गटात एक प्रशिक्षक लावला. प्रशिक्षकाने त्याला शंभर मीटर जाताना पाहिलं, परत येताना पाहिलं, आणि सांगितलं की एक महिना काठ्या गाडीतच ठेवायच्या. पाय टेकला की लगेच दुसऱ्या पायाकडे निघायचं, उभं राहायचं नाही. त्याने मान डोलावली, वहीत लिहून घेतलं, दोनदा वाचलं. मग जरा जवळ जाऊन हळूच विचारलं, हे बेसमेंटमध्ये करता येईल का?