मामाजींची चेकलिस्ट

बिरसीत कुणाच्या गाडीचं बॉनेट उघडलं की हात मागे बांधून मामाजी हजर. कुणाचे मामा, ते विचारू नका, गावाचे. इंग्रजांनी १९४० मध्ये बांधलेल्या इथल्या धावपट्टीवर हल्ली पायलट व्हायला आलेली पोरं दिवसभर घिरट्या घालतात. त्यांच्या बोलण्यातून मामाजींनी एकच शब्द उचलला, चेकलिस्ट. तेव्हापासून ते सायकलही चेकलिस्टशिवाय काढत नाहीत.

मला माझ्या जुन्या गाडीच्या टेपला मोबाइलची गाणी वाजवणारं अ‍ॅडॅप्टर जोडायचं होतं. पेचकस खुपसणार, तोच आवाज आला.

"थांब गा! चाबी कुठं हाये?"

"गाडीत."

"काढ. खिशात टाक. चेक?"

"चेक" म्हटल्याशिवाय पुढचं कलम निघत नाही.

मग दहाचा पाना. बॅटरीचा मायनस आधी सोडायचा, जोडायचा सगळ्यात शेवटी. "प्लसवरचा पाना बॉडीले लागला तर दिवाळी होते, बाप्पा!" हे मात्र शंभर टक्के खरं.

टेपच्या दोन्ही बाजूंना बारीक फटी होत्या. त्यांच्यासाठी मामाजींनी हॅक्सॉ ब्लेड घासून चार पाती केली होती. रुमालातून अशी काढली, जणू सुनेचे दागिने. गिअरच्या दांड्यावर मामींचं जुनं लुगडं अंथरलं, ओरखडा नको म्हणून. टक्, टक्, टक्, टक्. टेप सरकत बाहेर आला. मी हिसका देणार तर हातावर फटका.

"वायर नाही, सॉकेट धर!"

अँटेनाची वायर सुटली. शेजारीच सीडी चेंजरचं रिकामं सॉकेट होतं. अ‍ॅडॅप्टर तिथंच बसतं. टेपला वाटतं, डिकीत सीडीचा डबाच आहे. ही फसवणूक मामाजींना फार आवडली.

"सोयरिकीत असंच चालते."

सगळं जोडून मायनस लावला, चाबी फिरवली. टेपनं चार आकडी कोड मागितला. चोरीचा संशय, दुसरं काय! कोडचा कागद? तो चेकलिस्टमध्ये नव्हता. मी अंदाजानं दोनदा आकडे टाकले आणि टेप तासाभरासाठी मिटला. पडद्यावर चार अक्षरं उमटली. मामाजींनी चष्मा पुसून एकेक अक्षर जोडलं: एस, ए, एफ, ई.

चेहरा उजळला.

"पाह्य ना, सेफ! मशीनही तेच म्हणते."

आणि रुमालाची गाठ मारत चहा सांगायला गेले.