फायबरचं काम

नोएडात एका ई-रिक्षाने माझ्या गाडीचा पुढचा बंपर नेला. कश्मीरी गेटला नवा मिळतो. तरी मी तो घरीच फायबरचा करायचं ठरवलं. सौ.ने कारण विचारलं नाही. लग्नाला वीस वर्षं झाली आहेत.

सामानाला जुन्या दिल्लीतल्या तिलक बाजारात गेलो. दुकानदाराने माझी यादी बाजूला ठेवून विचारलं, "बनाना क्या है? टंकी?" बंपर म्हटल्यावर त्याने टाकीचंच सामान काढलं. मी मात्र इपॉक्सीवर अडून बसलो, कारण ते जास्त मजबूत. त्याने वाद न घालता दिलं. चॉप मॅटचे धागे ज्या खळीने धरलेले असतात ती पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळते. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट पापडासारखी ताठ राहते आणि बंपरच्या कोपऱ्यावर वळत नाही. हे मला घरी कळलं. त्याला बहुधा आधीपासून ठाऊक होतं.

दुसऱ्या फेरीत पॉलिएस्टर, कोबाल्ट आणि हार्डनर. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट ढवळायचं, मग किलोला दहा-वीस ग्रॅम हार्डनर. हे दोघे थेट एकमेकांना भेटले तर भडका उडू शकतो. दुकानदाराने दोन्ही क्वार्टरच्या बाटल्यांत भरून एकाच पिशवीत घातले. लेबल? "जामुनी वाला कोबाल्ट, पानी वाला हार्डनर." मेट्रोत ज्वालाग्राही माल नेता येत नाही, ते योग्यच आहे. ऑटोत नेता येतो. ऑटोवाला बिडी ओढत होता.

जूनमध्ये हे काम करू नये. पहिला मग मी ढवळतोय तोवरच जमला. ब्रश अजून त्यात उभा आहे. जानेवारीतही करू नये, थंडीत रेझिन जमायचं मनावरच घेत नाही. राहिला नोव्हेंबर. तेव्हा दिल्लीची हवा स्वतःच बंपरवर येऊन बसते. पॉलिएस्टरचा उघडा पृष्ठभाग हवेने चिकटच राहतो, त्यामुळे जे बसतं ते उठत नाही. वरच्या मजल्यावरच्या भाभीजींनी स्टायरीनच्या वासामुळे दोनदा गॅसवाल्याला बोलावलं. "अहो, त्यांना एकदा सांगून तरी टाका," असं सौ. म्हणाली. सांगितलं. आता त्या मला गॅसवाल्याच्या देखत विचारतात.

फायबर गंजत नाही. १९८०च्या दशकात बंगळुरूच्या सिपानी डॉल्फिनची अख्खी बॉडीच फायबरची होती. माझा बंपरही पन्नास वर्षं टिकेल, असं दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं. दिल्ली परिसरात पेट्रोल गाडीला मुभा पंधरा वर्षांची ठरली होती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती मर्यादा उचलून धरली. २०२५च्या जुलैत दिल्लीतल्या पंपांवर जुन्या गाड्यांचं तेल बंद झालं आणि काही दिवसांतच तो निर्णय पुढे ढकलला गेला, तेव्हा मी बंपर घासत होतो.

गाडीला येत्या मार्चात पंधरा वर्षं पूर्ण होतात. बंपर अजून चिकट आहे.